काळजाचा ठोका चुकतो तेव्हा

मराठी माणसाच्या काळजाला कामे फार. ते तिळतिळ तुटते, त्याचे पाणी पाणी होते, वेळप्रसंगी ते दगडाचेही होते. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. आणि रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली, की त्याच काळजाचा ठोका चुकतो. वास्तविक मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागितले, तर दुकानदार यकृत तोलून देतो. पण भाषेने हृदयाचा संसार एकदा काळजाच्या नावावर मांडला तो मांडला. नावाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती 'चुकतो' या शब्दाबद्दल.

१९८६ सालापासून मी ठाण्यात दवाखाना चालवीत आहे. "डॉक्टर, छातीत मधेच धस्स होतं," "पाखरू फडफडल्यासारखं वाटतं," "लिफ्ट एकदम खाली गेल्यासारखी वाटते," "घड्याळ क्षणभर थांबून पुन्हा चालू व्हावं तसं होतं". या तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की त्यांतून एक लहानसा कोश तयार होईल. शब्द वेगळे, दुखणे बहुधा एकच. आणि सगळ्यांच्या डोळ्यांत न विचारलेला प्रश्नही एकच असतो : "हे थांबलेलं हृदय एखाद्या वेळी पुन्हा सुरूच झालं नाही तर?"

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. पण दोन वाक्यांत दिलेले उत्तर कोणाला पटत नाही, असा माझा अनुभव आहे. दिवाळी अंकाची ऐसपैस जागा मिळालीच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

चूक नव्हे, घाई

हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरले, तर दिवसाकाठी १,०३,६८० ठोके होतात. या प्रत्येक ठोक्याचा हुकूम सुटतो तो हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यातून. तिथे विजेची ठिणगी उठते, ती वरच्या कप्प्यांतून खाली येते आणि खालचे दोन मोठे कप्पे आवळले जातात. शाळेच्या पुस्तकात या खालच्या कप्प्यांना निलय म्हटलेले आपल्याला आठवत असेल. शरीरभर रक्त ढकलण्याचे खरे कष्टाचे काम त्यांचे.

आता गंमत अशी, की हुकमाची वाट न पाहता स्वतःच ठिणगी पाडण्याची थोडीबहुत शक्ती या खालच्या कप्प्यांतल्या पेशींतही असते. एरवी त्या गप्प असतात. पण एखाद्या वेळी त्यांतली एखादी उतावीळ होते आणि वरून हुकूम येण्याआधीच ठोका देऊन मोकळी होते. हाच तो अकाली ठोका. डॉक्टर लोक त्याला 'व्हेंट्रिक्युलर एक्टॉपिक' किंवा 'पी.व्ही.सी.' म्हणतात.

हा ठोका म्हणजे पान वाढण्यापूर्वीच पंगतीत येऊन बसलेला पाहुणा! कप्प्यात पुरेसे रक्त भरलेलेच नसते. आवळून आवळून बाहेर पडणार किती? ती क्षीण लाट पुष्कळदा मनगटापर्यंत पोचतही नाही. नाडी धरणाऱ्याला वाटते, ठोका गळाला. इतक्यात वरचा नेहमीचा हुकूम येतो. पण नुकतेच काम केलेले स्नायू क्षणभर कशालाच दाद देत नाहीत, म्हणून तो हुकूम वाया जातो. पुढचा हुकूम येईपर्यंत हृदय स्वस्थ राहते. या लांबलेल्या विश्रांतीत कप्पा नेहमीपेक्षा अधिक भरतो, आणि मग येणारा ठोका चांगला दणकून पडतो. आपल्याला जाणवते ती विश्रांती आणि हा दणका. तबलजीने मात्रेआधीच एक थाप मारावी, मग हात आवरून बरोबर समेवर यावे, तसा हा प्रकार. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हा हिशेब जगापुढे मांडला.

तात्पर्य, काळजाचा ठोका चुकत नाही. तो घाई करतो. आणि ज्याला आपण 'हृदय थांबले' म्हणतो, ती त्या घाईनंतरची उसंत असते.

बर्न्लीचा फॅमिली डॉक्टर

हे शास्त्र ठाऊक नव्हते तेव्हा अडखळणाऱ्या नाडीला लोक भीत, यात नवल नाही. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे जे वर्णन आहे, त्यात थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. युरोपातही निराळे चित्र नव्हते. नाडी अडखळली, की डॉक्टर रोग्याला अंथरुणावर निजवीत आणि घरचे लोक हलक्या आवाजात बोलू लागत.

ही भीती कमी करणारा माणूस कोणी विद्यापीठातला पंडित नव्हता. तो होता इंग्लंडातल्या बर्न्ली या गिरणगावातला एक फॅमिली डॉक्टर. त्याचे नाव जेम्स मॅकेंझी. १८७९ पासून १९०७ पर्यंत त्याने त्या गावात गिरणीकामगारांची बाळंतपणे केली, खोकले-पडसे तपासले, आणि फावल्या वेळात नाड्यांचे आलेख काढले. मानेतल्या शिरेची आणि मनगटाच्या नाडीची हालचाल एकाच कागदाच्या पट्टीवर शाईने उमटवणारे यंत्र त्याने त्या भागातल्या एका घड्याळजीकडून बनवून घेतले. त्या रेघांवरून अडखळणाऱ्या नाडीचे प्रकार त्याला वेगवेगळे ओळखता येऊ लागले. पण त्याची खरी थोरवी यंत्रात नव्हती, चिकाटीत होती. अकाली ठोके पडणारी तीच ती माणसे तो वर्षानुवर्षे तपासत राहिला. त्याला आढळले, की त्यांतली पुष्कळशी माणसे गिरणीत राबत होती, त्यांना मुले होत होती, ती म्हातारी होत होती. नाडी अडखळत होती, आणि संसार सुरळीत चालला होता!

फॅमिली डॉक्टरच्या धंद्यात असलेल्या माझ्यासारख्याला मॅकेंझीचे नाव घेताना थोडी ऐट वाटते, ती वाचकांनी समजून घ्यावी.

एका बाईंची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय बावन्न. शाळेत गणित शिकवीत. सोबत यजमान होते, आणि बाईंची पर्सही त्यांनीच धरली होती. यावरून घरात काय चालले असेल याची मला कल्पना आली.

"डॉक्टर, माझं हृदय मधेच बंद पडतं," बाई म्हणाल्या.

"किती वेळ?"

"एक क्षण. पण तेवढ्यात मला दोन्ही मुलांची तोंडं दिसतात."

रात्री डाव्या कुशीवर वळले, की हा प्रकार हमखास होई. मग झोप उडे. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ठोके आणखी वाढत. यजमानांनी त्यांचा जिना बंद केला होता, बाजारहाट बंद केला होता, शाळेत रजेचा अर्ज गेला होता, आणि दोघांनी पाच वर्षे पैसे साठवून ठरवलेली काश्मीरची सहल रद्द झाली होती. हृदयाने बाईंचे काही बिघडवले नव्हते. भीतीने मात्र अर्धे आयुष्य गिळले होते.

मी त्यांना तपासले, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे 'इको', करून घेतली, आणि चोवीस तासांचे होल्टर यंत्र लावले. या यंत्राचा जनक नॉर्मन होल्टर हा अमेरिकेतल्या माँटाना राज्याचा शास्त्रज्ञ. त्याचे पहिले यंत्र ८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ३८ किलोंचे होते, आणि ते पाठीवर बांधून फिरावे लागे. आज ते काडेपेटीएवढे झाले आहे. त्याने एक मोठे सत्य उजेडात आणले. पूर्ण निरोगी माणसांना असे यंत्र एक-दोन दिवस लावले, तर शंभरातील ४० ते ७५ जणांत अकाली ठोके सापडतात. ज्यांना ते कळत नाहीत ती माणसे सुखाने झोपतात, इतकाच फरक.

बाईंचे अकाली ठोके भरले सुमारे अकराशे. आकडा ऐकून यजमान खुर्चीत सावरून बसले. मी म्हटले, "बाई, तुम्ही गणिताच्या. लाखात अकराशे म्हणजे किती टक्के?"

"एक टक्का. वर थोडं," बाई ताबडतोब म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

इको उत्तम होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीची हकीकत मी त्यांना सांगितली. ७३ माणसे, हृदय तपासून निर्दोष ठरलेली. पण अकाली ठोके तासाला सरासरी ५६६! सरासरी साडेसहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा त्यांचे आयुर्मान चारचौघांसारखेच निघाले. बाईंना मी औषध दिले नाही. जिना मोकळा केला. त्यांचे ठोके आजही अधूनमधून घाई करतात. काश्मीर त्या पाहून आल्या.

ठोके गेले, माणसेही गेली

"पण डॉक्टर, नकोच ना ते ठोके! एखादी गोळी देऊन बंद का करत नाही?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर वैद्यकाला फार महाग पडले आहे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांत अकाली ठोके पुष्कळ असले, तर पुढे अकस्मात मृत्यूचा संभव अधिक असतो, हे दिसून आले होते. त्यावरून सर्वांना सरळ वाटले, की ठोके दाबले म्हणजे मृत्यू टळेल. ठोके दाबणारी औषधे निघाली, आणि ती खरोखरच दाबत. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यांतली नावाजलेली. तरीही अमेरिकेतल्या काही मंडळींनी म्हटले, समजूत सरळ आहे, पण तपासून पाहू. १९८७ साली 'कास्ट' या नावाने प्रयोग सुरू झाला. त्यात झटका येऊन गेलेली आणि अकाली ठोके पडणारी माणसे घेतली. औषधाने ज्यांचे ठोके कमी होतात असे आधी पाहून घेतले, त्यांनाच पुढे नेले. मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली.

या दोन औषधांच्या गटांत मिळून १,४९८ माणसे होती. सरासरी दहा महिने गेले. बिनऔषधाच्या ७४३ माणसांत २६ मृत्यू झाले होते. औषध घेणाऱ्या ७५५ माणसांत ६३! एप्रिल १९८९ मध्ये या औषधांचा प्रयोग तातडीने थांबवावा लागला. कार्डिओग्रामची रेघ सुधारली होती, आणि माणसे दगावली होती.

असे का व्हावे? झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत वण राहतो. ही औषधे विजेचा प्रवाह मंद करतात. वणाच्या कडेने मंदावलेला प्रवाह भोवऱ्यासारखा फिरू लागला, तर एखाद्या चुकार ठोक्यापेक्षा कितीतरी भयंकर असा गोंधळ हृदयात माजतो. अकाली ठोके ही धोक्याची खूण होती. धोका होता तो जखमी स्नायूत. खूण पुसली म्हणून धोका गेला नाही, उलट पुसण्याच्या खटपटीत वाढला.

मी तेव्हा दवाखाना थाटून जेमतेम तीन वर्षांचा झालो होतो. ही बातमी आमच्या पिढीला जन्माचा धडा देऊन गेली. अकाली ठोक्यांचा रुग्ण समोर आला, की पहिला प्रश्न 'ठोके किती?' हा नसतो. 'ते कोणत्या हृदयात पडत आहेत?' हा असतो. हृदय धडधाकट असेल, तर बहुधा चिंता नाही. हृदयात जुना वण असेल, झडप बिघडलेली असेल, स्नायू अशक्त झाला असेल, तर त्या मूळ दुखण्याची व्यवस्था पाहायची. रक्तवाहिन्यांचा अडथळा, रक्तदाब, पंपाची शक्ती, आणि काहींच्या बाबतीत छातीत कातडीखाली बसवायचे, वेळ पडली तर विजेचा झटका देऊन प्राण वाचवणारे यंत्र, यांचा विचार करायचा.

घाई फारच वाढली तर

इथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे हृदय चांगलं असलं, की कितीही ठोके पडू देत!" तसेही नाही. नाण्याला दुसरी बाजू आहे.

२०२० च्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले. एका गृहस्थांच्या यंत्रावर नाडी ३८ दिसू लागली, म्हणून ते घाबरून आले. वय त्रेचाळीस. छातीत धस्स वगैरे काही नाही. फक्त वर्षभर थकवा, आणि स्टेशनचा पूल चढताना दम. त्यांच्या हृदयाचे ठोके खरे म्हणजे ७६ होते, पण एकाआड एक अकाली. निम्मे बोटापर्यंत पोचतच नव्हते. यंत्र बिचारे जेवढे पोचले तेवढे मोजीत होते. होल्टरवर दिवसभराच्या ठोक्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अकाली निघाला. आणि इकोवर हृदयाच्या पंपाची शक्ती, जी साधारण ५५ टक्क्यांच्या वर असावी, ती ४० टक्के भरली.

अकाली ठोक्यात खालचे दोन कप्पे एकदम आवळले जात नाहीत, एक आधी, दुसरा मागून. एका गाडीला जुंपलेले दोन बैल वेगवेगळ्या वेळी ओढू लागले, तर गाडी चालते खरी, पण दिवसाअखेर बैलही दमतात. हृदयाचेही तसेच होते. २०१० साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी असे १७४ रुग्ण अभ्यासले. अकाली ठोके एकंदरीच्या २४ टक्क्यांहून अधिक असले, तर हृदय अशक्त होण्याचा संभव बराच वाढतो, असे त्यांना आढळले. दहा टक्क्यांच्या खाली असा रुग्ण त्यांना भेटला नाही. ठोके पुष्कळ असूनही अनेकांचे हृदय ठणठणीत राहते, हेही तितकेच खरे. म्हणून अशा माणसाला घाबरवायचे नाही, पण वेळोवेळी इको करून लक्ष ठेवायचे.

आनंदाची गोष्ट अशी, की हे अशक्तपण पुष्कळदा भरून येते. त्या गृहस्थांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयात नेऊन, घाई करणाऱ्या पेशींची नेमकी जागा हुडकून, ती उष्णता देऊन निकामी करतात. उजव्या खालच्या कप्प्यातून रक्त फुप्फुसाकडे जाते त्या वाटेवर ही जागा बऱ्याच वेळा सापडते. त्यांचीही तिथेच सापडली. या उपायात धोका थोडा असतो, अजिबात नसतो असे नाही. म्हणून तो सरसकट कोणालाही करत नाहीत. सहा महिन्यांनी त्यांचा पंप ५५ टक्क्यांवर आला होता. आता ते स्टेशनचा पूल न थांबता चढतात.

घरच्या घरी, आणि डॉक्टरांच्या दारी

मग आपण काय करावे? छातीत धस्स झाले, तर प्रथम खाली बसून मनगटाची नाडी धरावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. किती वेळा खंड पडला ते लिहून ठेवावे. जागरण, चिंता, तंबाखू, सिगारेट, दारू यांनी हे ठोके वाढतात. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या, तर रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होऊन ते वाढू शकतात. थायरॉइड ग्रंथी जोरात असेल, दम्याची किंवा सर्दीची काही औषधे चालू असतील, रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तरीही ते वाढतात. डॉक्टरांना हे सारे सांगावे. नुसते "धस्स होतं" म्हणून थांबू नये.

कॉफीबद्दल हमखास विचारतात. २०२३ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० माणसांना काही दिवस कॉफी दिली, काही दिवस दिली नाही. कॉफीच्या दिवशी हे ठोके सरासरी १५४ पडले, बिनकॉफीच्या दिवशी १०२. म्हणजे फरक पडतो, पण पेला उपडा करून ठेवण्याइतका नाही. ज्याला आपल्यापुरता त्रास जाणवतो त्याने कमी करावी. बाकीच्यांनी सकाळचा आनंद घालवू नये.

मात्र काही गोष्टींत दिरंगाई नको. ठोक्यांबरोबर शुद्ध हरपली, किंवा हरपेल असे वाटले. छातीत दुखले, दम लागला. धावताना, जिना चढताना ठोके वाढले. पूर्वी झटका येऊन गेला असेल, हृदयाचे दुसरे दुखणे असेल. किंवा घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर दिवाळीचा पाडवा होऊ द्या, भाऊबीज होऊ द्या, असे म्हणत बसू नये. शुद्ध हरपली असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. आणि शेजाऱ्याला लागू पडलेली हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. 'कास्ट'मधली ती माणसे तर जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती.

बाकीच्यांना, आणि बहुसंख्य बाकीचेच आहेत, माझे सांगणे एवढेच, की एकदा नीट तपासून घ्या. कार्डिओग्राम, इको आणि होल्टर यांनी निर्वाळा दिला, की त्यावर विश्वास ठेवा. दिवाळीत पहाटे चारला उठणे होते, रात्री फराळाच्या आणि गप्पांच्या बैठका लांबतात. अशा दिवसांत एखादा ठोका उतावीळ झाला तर होऊ द्यावा. आजवर लाखो वेळा बरोबर समेवर आलेला तबलजी आहे तो. एका आगाऊ थापेसाठी त्याची मैफल बंद करू नये.